आठ भोकांची चाकं आणि देवगोईचा घाट

शहाद्याहून बोलतोय. आज आवाज जरा दाबल्यासारखा येत असेल, कारण घरात पाहुणे आहेत आणि मी गाडीत काचा वर करून रेकॉर्ड करतोय. ज्या गाडीबद्दल बोलायचंय, तिच्यातच बसलोय. मारुती इस्टीम, 2004 चं मॉडेल.

जे आत्ता कॉलेजला आहेत त्यांना इस्टीम ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 1990 ला मारुती 1000 नावाची डिकीवाली गाडी आली. 1994 ला तिचंच मोठ्या इंजिनाचं रूप इस्टीम म्हणून आलं आणि 2007 ला बंद झालं. आमच्या नानांनी ही सेकंडहँड घेतली, झेडपीच्या शाळेत मास्तर होते तेव्हा. एमएच-39 पासिंग. तळोद्याला रोज जाऊन-येऊन केलं हिच्यावर. आता नाना रिटायर झालेत, गाडी माझ्याकडे आहे, आणि मी पहिलं काम काय केलं? चाकं बदलली.

आज ऑफसेट या एका आकड्याबद्दल बोलायचंय. हा आकडा माहीत नव्हता म्हणून माझे बारा हजार गेले. बारा हजारांचं एवढं नाही हो. पण त्या रात्री गाडीत पाच माणसं होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

झालं असं. सुरतेला एका दुकानात 15 इंची अलॉयचा सेट मिळाला. वापरलेला, टायरसकट 31 हजार. नाना अजून त्याला मॅगव्हील म्हणतात. दुकानदाराने दोनच गोष्टी विचारल्या, बोल्ट किती आणि इंच किती. मी स्वतःला शहाणा समजत होतो, कारण मला पीसीडी माहीत होता. पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मधोमध जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. जुन्या मारुतीत, 800 असो की इस्टीम, चार बोल्ट 114.3 एमएमवर असतात. स्विफ्टसारख्या गाड्यांत ते 100 एमएमवर असतात. म्हणजे दोन्हीत चारच बोल्ट, पण एकाचं चाक दुसऱ्याला लागत नाही. म्हणून बाजारात आठ भोकांची चाकं मिळतात, चार भोकं 100 ची, चार 114.3 ची. मी तीच घेतली.

टायरचा हिशोबही मी केला होता बरं का. मूळ टायर 175/70 आर 13, त्याची उंची 575 एमएम. नवा 195/50 आर 15, उंची 576. एका एमएमचा फरक! मीटर चुकणार नाही, गाडी उचललेली दिसणार नाही. दुकानातल्या पोराने एक चाक लावून हाताने गरगर फिरवलं. आत शॉकअपला कुठे घासत नव्हतं. "बसलं," म्हणाला. मी पण म्हटलं, बसलं.

आठवडाभर शहाद्यात एकटा फिरलो. स्टिअरिंग जड वाटत होतं. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे मला वाटलं रुंद टायरमुळे असेल. खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हाताला हिसका द्यायचं. आणि दारांवर चिखल उडायला लागला, जो आधी कधीच उडत नव्हता. गाडी मला तीन-तीनदा सांगत होती, पण मी फोटो काढण्यात गुंग होतो.

मग होळी आली. काठीची राजवाडी होळी तुम्हाला माहीत असेलच. अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढे. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं, डोक्याला मोरपिसांचे टोप, आणि होळी पेटते ती पहाटे. आम्ही संध्याकाळी निघालो. मी, नाना, मागे आत्या आणि दोन मामेभाऊ, दोघंही चांगले धष्टपुष्ट. तळोदा, अक्कलकुवा, तिथपर्यंत ठीक. देवगोईचा घाट सुरू झाला आणि डाव्या वळणावर मागून उजवीकडून आवाज आला, खर्रर्र. पुढच्या डाव्या वळणाला परत. आत्या म्हणाली, "अरे बाळा, मागून कोण खरवडतंय?" मी म्हटलं, खडी असेल आत्या, रस्ता खराब आहे.

घाट संपल्यावर जळक्या रबराचा वास आला तेव्हा थांबलो. मोबाईलचा टॉर्च मारला. मागच्या उजव्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल चीर पडली होती, सुरीने कापावी तशी. मडगार्डच्या आतल्या कडेला रबराच्या शेवया लटकत होत्या. आणि टायरवर एका ठिकाणी आतले धागे दिसत होते. धागे दिसले म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. उतारावर, वळणावर तो टायर फुटला असता तर डाव्या वळणात गाडी बाहेरच्या बाजूला गेली असती, आणि घाटात बाहेरच्या बाजूला दरी असते. नाना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

डिकीत स्टेपनी होती, मूळची 13 इंची, साध्या लोखंडी रिमची. ती लावली. दोघं मामेभाऊ मागून आलेल्या पिकअपमध्ये चढले. निघालो. आता गंमत ऐका. उजवीकडे स्टेपनी, डावीकडे अलॉय. दोन्ही टायरची उंची सारखीच, गाडी तीच, रस्ता तोच. उजव्या बाजूने एकही आवाज नाही. डावीकडून मात्र उजव्या वळणाला बारीक खर्र. काठीला पोचलो, सगळे ढोलाकडे बघतायत आणि मी गाडीच्या मागे उकिडवा बसून एकदा या चाकाकडे, एकदा त्या चाकाकडे बघतोय. लोखंडी चाक मडगार्डच्या आत होतं. अलॉय बाहेर डोकावत होतं.

ऑफसेट मला तिथे ढोल बघताना समजला, म्हणून ढोलानेच सांगतो. चाकाची रिम म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला ढोल समजा. त्या ढोलाच्या आत एक गोल फळी अडवी ठोकायची. या फळीलाच भोकं असतात आणि ती गाडीच्या हबला बोल्टने आवळली जाते. फळी ढोलाच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. फळी रस्त्याकडच्या तोंडाकडे सरकवली तर ऑफसेट पॉझिटिव्ह, म्हणजे जितक्या एमएमने सरकली तितका. हब तर जागचा हलत नाही, मग काय होतं? ढोल गाडीच्या आत जातो. फळी गाडीकडच्या तोंडाकडे नेली तर ऑफसेट निगेटिव्ह आणि ढोल बाहेर येतो. आकडा मोठा तर चाक आत, आकडा लहान तर चाक बाहेर. अलॉयच्या मागच्या बाजूला हा आकडा ओतलेला असतो, ईटी 25, ईटी 40 असा. जर्मन शब्दातून आलंय ते ईटी.

आता माझा हिशोब. मूळ चाक 5 इंच रुंद. त्याचा ऑफसेट मी मोजला, तो 45 आला. नवं चाक साडेसहा इंच रुंद, मागे ईटी 25. रुंदीचा अर्धा घ्या. 5 इंच म्हणजे 127 एमएम, अर्धे 63.5. त्यात 45 मिळवले की हबपासून चाक आत किती जातं ते कळतं, 108.5. वजा केले की बाहेर किती येतं ते, 18.5. नव्या चाकाचा अर्धा 82.5. आत जातं 107.5, बाहेर येतं 57.5. बघितलंत? आतल्या बाजूला एका एमएमचा फरक, म्हणून दुकानात हाताने फिरवलं तेव्हा कुठे घासलं नाही. सगळीच्या सगळी वाढ, 39 एमएम, बाहेर आली. दुकानदार बघत होता आत, आणि चूक होती बाहेर.

परत आल्यावर दोंडाईचा रस्त्यावरच्या आमच्या मिस्तरी चाचांकडे गेलो. चाचांनी चाकाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुनी गाडीनं चाक नही शे हाई, भाऊ." मग शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. मूळ चाक लावलं, मडगार्डच्या कडेवर ओळंब्याची दोरी धरली आणि दोरीपासून टायरच्या फुगीर भागापर्यंत पट्टीने मोजलं. 22 एमएम. एवढीच जागा होती. माझा नवा टायर किती बाहेर आला होता? चाकाचा मध्य 20 एमएम बाहेर सरकला, शिवाय टायर 20 ने रुंद, त्याचे अर्धे 10. झाले 30. जागा 22, आणि मी सरकवलं 30. उभ्या गाडीतच टायर 8 एमएम मडगार्डच्या बाहेर, मग तीन माणसं मागे बसल्यावर काय होणार! हे मोजायला दोन मिनिटं लागतात आणि एक ओळंबा. सुरतेला जायच्या आधी केलं असतं तर हा भाग रेकॉर्ड करायची वेळच आली नसती.

जुन्या चाकावर ईटी लिहिलेलं नसेल तर? टायर काढलेली रिम पालथी ठेवा, गाडीकडची बाजू वर. काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून खाली, हबला टेकतो त्या सपाट भागापर्यंत मोजा. माझं आलं 121. मग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रिमची पूर्ण रुंदी मोजा. माझी 152. गोंधळू नका, 5 इंची म्हटलेली रिम काठासकट मोजली की साधारण 6 इंच भरते. 152 चे अर्धे 76. 121 वजा 76, उत्तर 45. नानांनी हे गणित तोंडी केलं आणि वर विचारलं, "एवढंच होतं?"

आता इलाज. मित्रांनी जे जे सुचवलं ते ऐका. एकाने सांगितलं, स्पेसर टाक. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये टाकायची चकती. ती चाक आणखी बाहेर ढकलते! चाक आत शॉकअपला घासत असेल तेव्हा स्पेसरचा विचार होतो. माझा आजार उलटा होता. दुसरा म्हणाला, लेथवर चाकाची मागची बाजू खरडून 10 एमएम कमी करू. हिशोबाने बरोबर आहे, चाक 10 एमएम आत जाईल. पण बोल्ट ज्या भागाला आवळतात तोच भाग पातळ करायचा? चाचांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, मडगार्डची आतली कड ठोकून दुमडू. हे लोक करतात, पण वीस वर्षांच्या पत्र्याचा रंग तडकला की पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. शिवाय ठोकून जागा झाली तरी स्टिअरिंगचा हिसका जात नाही.

हिसक्याचं कारण वेगळं आहे. स्टिअरिंग फिरवलं की चाक एका तिरप्या अक्षाभोवती वळतं. त्या अक्षाची रेघ खाली जमिनीला जिथे भिडते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यांच्यातलं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं. मी ते 20 एमएमने बदललं. मग एक चाक खड्ड्यात गेलं, किंवा ब्रेक मारताना एक चाक डांबरावर आणि दुसरं मुरुमावर असलं, की गाडी हात ओढते. व्हील बेअरिंगलाही तोच 20 एमएमचा जास्तीचा तराफा. विहिरीचं पाणी काढताना बादली अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा, कळेल. धडगावकडच्या काही जुन्या जीपांना लोक मुद्दाम बाहेर येणारी चाकं लावतात, रुबाबदार दिसतात खरं. त्यांना बेअरिंग किती वेळा बदलली ते विचारा.

शेवटी मी तो सेट 19 हजारांना विकला, घेणाऱ्याला कापलेला टायर आणि ईटीचा आकडा दोन्ही दाखवून. मग 14 इंची, साडेपाच रुंदीची, ईटी 40 ची चाकं शोधली. दोन महिने लागले. टायर 185/60 आर 14, उंची 578. टायर फक्त 10 एमएम बाहेर आला, ओळंब्याच्या दोरीपासून अजून 12 शिल्लक. लावल्यावर टायरच्या खांद्याला खडूने जाड रेघ मारली, मागे तीन माणसं बसवली आणि शेताच्या बांधावर एक-एक चाक चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. खडू पुसला गेला नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा हबपेक्षा मोठं असतं, मध्ये रिंग टाकावी लागते, नाहीतर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. आणि नट. माझ्या गाडीचे स्टड 12 एमएमचे, 1.25 आट्याचे. अलॉयची फळी जाड असते, त्यामुळे नट किती आटे धरतो ते मोजा. निदान स्टडच्या जाडीइतका तरी चढला पाहिजे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा.

कायद्याचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असा निकाल दिलाय. जुन्या खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायला आरटीओत न्यावं लागतं. तिथे मडगार्डबाहेर आलेली चाकं घेऊन जाऊ नका. मूळ लोखंडी चाकं भंगारात तर अजिबात घालू नका. माझी चारही माळ्यावर आहेत, गोणपाटात बांधून.

तो कापलेला टायर घेणाऱ्याने नेलाच नाही, चाचांनी ठेवून घेतला. दुकानाबाहेर खिळ्याला टांगलाय, धाग्यांची बाजू रस्त्याकडे करून. कोणी पोरगा अलॉय घेऊन आला की चाचा आधी त्याला टायर दाखवतात, मग माझं नाव सांगतात. [हसतो] चला, आत्या बोलावतेय, चहा झालाय. पुढच्या भागात भेटू.