मातीखालचा इतिहास आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्या ऊर्जानगरचा इतिहास पुस्तकात का नाही?" मी झटकून उत्तर दिले, "अरे, ही वसाहत वीजकेंद्रामुळे झाली. तिला कुठला आलाय इतिहास?" ते उत्तर चुकीचे होते. आज चारचौघांसमोर त्याची दुरुस्ती करावी, म्हणून मी उभा आहे.

चंद्रपूरजवळची पापामिया टेकडी आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. नाव आपल्या ओळखीचे, पण टेकडीची कहाणी त्या नावाहून कितीतरी जुनी आहे. तेथे अश्मयुगातील माणसाने घडविलेली दगडी हत्यारे सापडली आहेत. म्हणजे गोंड राजांनी चांद्याचा परकोट बांधण्यापूर्वी हजारो वर्षे या परिसरात माणूस दगडावर दगड मारून पोटापाण्याची सोय करीत होता. जटपुरा, पठाणपुरा हे दरवाजे कोणत्या राजघराण्याचे, हे आपण पाठ करतो. परंतु ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्या घरी रात्री काय शिजत होते? हे कोणत्याही बखरीत मिळत नाही. ते सांगण्याचे काम पुरातत्त्वशास्त्र करते. राजाचे नाव शिलालेखात मिळते, गरिबाचा इतिहास त्याच्या चुलीतल्या राखेत मिळतो.

पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या बरोबरीने त्या कामात डॉ. झेड. डी. अन्सारी होते, हे आपल्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. राजा नाही, राजधानी नाही, असे ते शेतकऱ्यांचे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदले. जमिनीतून काय निघाले? जळके धान्य, जनावरांची हाडे, खापरे आणि घरांच्या जमिनी. त्यावरून कळले, की गावकरी जव पिकवीत होते आणि त्यांनी पाण्यासाठी पाटही काढला होता. आधी चौकोनी, ऐसपैस घरे होती. शेवटच्या काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत गेले आणि लोकांना दारिद्र्य आले, असा अभ्यासकांनी निष्कर्ष काढला. दुष्काळाने संसार कसा आक्रसतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तेथील लोक लहान मुलांचे दफन घरातल्याच जमिनीखाली करीत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ते मूल ठेवीत. त्या आईच्या मनात काय होते, हे शास्त्र सांगू शकत नाही. मात्र मूल घराबाहेर नेले नव्हते, एवढे ते पुराव्यानिशी सांगते.

हा काळ कसा ठरवितात? प्रत्येक सजीवात किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो. जीव गेला, की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. तो मोजून वय काढण्याची रीत अमेरिकेतील विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केली. चुलीतल्या लाकडाच्या कोळशाचे वय असे काढता येते. आपल्या खाणीतल्या कोळशाचे मात्र येत नाही. तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना असल्यामुळे त्यात हा कार्बन मुळी शिल्लकच नाही.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरीच्या शिळावर्तुळांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, तांब्याच्या दागिन्यांसह. त्याच जिल्ह्यात नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. वीजकेंद्रात बॉयलरजवळ पाळी करणाऱ्या बंधूंनो, आगीला काबूत ठेवण्याची तुमची विद्या या मातीत नवी नाही.

परंतु ही सारी माहिती एका अटीवर मिळते. वस्तू कोठे होती, किती खोल होती, तिच्या शेजारी काय होते, याची नोंद हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचे उदाहरण घ्या. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ हाकणारा माणूस अशा चार अप्रतिम धातुमूर्ती मिळाल्या. त्या पाहून तज्ज्ञ थक्क झाले. पण त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. त्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

मला दोष मात्र देता येईल. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने धारदार कडांचा एक दगड वर्गात आणला. मी त्याची पाठ थोपटली आणि दगड कपाटात ठेवून दिला. कोठे सापडला, हे लिहून घेतले नाही. पुढच्या वर्षी वडिलांचे ठेक्याचे काम संपले आणि ते कुटुंब निघून गेले. दगड अजून कपाटात आहे. तो माणसाने घडविलेला असेल किंवा नसेलही. पण त्याचे गाव मी पुसून टाकले, आणि गाव नसलेला दगड मुका असतो.

आपला जिल्हा रोज खणला जातो. कुठे खाण, कुठे रस्ता, कुठे घराचा पाया. खणल्याशिवाय पोट भरत नाही, हे खरे. म्हणून विद्यार्थ्यांनो, काही आगळेवेगळे दिसले तर ते उचलू नका. जागा लिहा, चित्र काढा, गुरुजींना सांगा. जमिनीत पुरलेली जुनी मौल्यवान वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की मला पुरातत्त्व शिकायचे आहे, तर "दगड-खापरे वेचून पोट भरेल का?" असे म्हणून हसू नका. अजिंठ्याच्या चित्रांवर चार खंड सिद्ध करणारे गुलाम याझदानी हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. अरबी-फारसी शिलालेखांचे वाचन करणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा आपल्या नागपुरातच आहे. ज्या घरात उर्दू लिपी वाचली जाते, त्या घरातल्या मुलांचे या वाटेवर पहिले पाऊल आधीच पडलेले आहे.

त्या मुलाला आज माझे खरे उत्तर असे आहे: बाळ, ऊर्जानगरचा इतिहास पुस्तकात नाही, कारण तो अजून कोणी नीट वाचलेला नाही. तू वाच. मी कपाटावर नोंदवही टांगली आहे.