बंदिवासांतून सुटलेल्यांचा सोबती
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहावें, देवाचे उपकार आठवावे, वाडवडिलांचें स्मरण करावें, ही रीत योग्यच आहे. परंतु ज्या पवित्र शास्त्रांतून ज्युबिली हा शब्द आपल्याकडे आला, तेथें त्याचा अर्थ केवळ उत्सव असा नाहीं. लेवीयाच्या पुस्तकांत सांगितलेल्या योबेल वर्षीं शिंग फुंकलें जाई, आणि जो पारतंत्र्यांत पडला असेल तो आपल्या कुळांत, आपल्या वतनावर परत येई. लक्षांत घ्या, तो नुसता सुटत नसे, परत येई. सुटणें आणि परत येणें यांत जें अंतर आहे, त्याविषयींच आज आम्हांला बोलावयाचें आहे.

अलिबागचा हिराकोट आपल्या पेण-रोह्याकडील लोकांस ठाऊक आहे. कान्होजी आंग्र्यांनीं १७२० सालीं बांधलेल्या त्या कोटांत आज जिल्हा कारागृह आहे. तेथून एखादे दिवशीं एक मनुष्य बाहेर पडतो. हातांत कपड्यांचें गांठोडें, खिशांत एस. टी.चें भाडें असेल नसेल. आधार कार्ड कोठें पडलें ठाऊक नाहीं, मोबाईलचा नंबर बंद झालेला, घराचें भाडें थकलेलें. धाटावच्या कारखान्यांत काम मागावयास जावें, तर चारित्र्याच्या दाखल्याची धास्ती. आणि शेजारी? ते त्याला पाहून दार लोटून घेतात.

आपल्या देशांतील तुरुंगांत जे आहेत, त्यांपैकीं दर चौघांत सुमारें तिघे कच्चे कैदी आहेत. २०२२ च्या सरकारी आंकडेवारींत हें प्रमाण शेंकडा ७५ हून अधिक होतें. म्हणजे त्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नाहीं. तथापि गांवाचा निकाल कोर्टाच्या आधींच लागलेला असतो.

आम्ही दुसऱ्यांस दोष देत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, अन्यत्र सेवेंत असतां, एक तरुण रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या दारीं आला. चोरीच्या खटल्यांत तो जामिनावर सुटला होता. "फादर, उद्यां तारीख आहे. माझ्याबरोबर याल का?" एवढेंच तो म्हणाला. आम्हांला त्या दिवशीं दुसरीं कामें होतीं. आम्ही आशीर्वाद दिला, शंभराची एक नोट दिली आणि त्यास वाटेला लाविलें. संध्याकाळीं पाहतों तों ती नोट आमच्या पायरीवर दगडाखालीं ठेवलेली! तो तारखेला गेला नाहीं. वॉरंट निघालें आणि तो पुन्हां आंत गेला. त्यानें आमच्याकडे पैसा मागितलाच नव्हता. त्यानें सोबत मागितली होती.

संत बर्णबाची थोरवी आम्हांला त्या दिवसापासून कळूं लागली. शौल यरुशलेमास आला, तेव्हां शिष्यमंडळी त्याला भीत होती; आणि तें भय निराधार नव्हतें, कारण त्यानें अनेकांची घरें उध्वस्त केलीं होतीं. बर्णबानें मंडळीस व्याख्यान दिलें नाहीं. तो शौलाला स्वतः बरोबर घेऊन प्रेषितांकडे गेला. पुढें हाच शौल, संत पौल या नांवानें, बंदिवासांतून फिलेमोनाला अनेसिमासाठीं चिठ्ठी लिहितो आणि त्याचें देणें असल्यास आपल्या नांवें मांडावयास सांगतो. ज्याला सोबती मिळाला, तो दुसऱ्याचा सोबती झाला.

हें काम साधुसंतांचेंच आहे असें समजूं नये. अमेरिकेंत बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा जोडे शिवणारा गृहस्थ होता. १८४१ सालीं कोर्टांत बसला असतां एका दारुड्याची त्याला दया आली व तो त्याला जामीन राहिला. १८५९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें एकोणीसशेंहून अधिक जणांची अशी हमी घेतली. आपल्याकडील १९५८ चा परिवीक्षा कायदा त्याच कुळांतला होय. कॅनडांत १९९४ पासून चर्चमधील साधे लोक सुटून आलेल्या एकेका मनुष्याभोंवतीं लहानसें मंडळ करून त्यास आधारही देतात आणि त्याच्यावर नजरही ठेवितात. मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० सालीं सुरू झाला. आपल्या ख्रिस्तसभेंत 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया'चें बीज १९८१ सालीं केरळांत पडलें. आणि पेण तालुक्यांतील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांपुढें १९६० सालीं चंबळच्या दरोडेखोरांनीं शस्त्रें ठेविलीं, तें कांहीं बंदुकीच्या धाकानें नव्हे.

तेव्हां आमची विनंति अशी. या ज्युबिली वर्षीं आपण वर्गणीबरोबर माणसेंही द्यावीं. एका सुटलेल्या मनुष्यामागें दोन सोबती, एक वर्षपर्यंत. एकट्यानें हें काम अंगावर घेऊं नये. शक्य तर तुरुंगाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन सुटकेपूर्वींच भेट घ्यावी. पहिल्या दिवशीं दारांत हजर राहावें, कारण पहिली संध्याकाळच बहुधा वाईट संगतीकडे ओढते. कागदपत्रें काढून द्यावीं, तारखा लिहून ठेवाव्या, तारखेला बरोबर जावें. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे न्यावें. १९८७ च्या कायद्यानें कोठडींतील मनुष्यास मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. उसने पैसे देऊं नयेत. अपराध झाला असेल तर तो झांकूं नये. ज्याचें घर फोडलें गेलें, त्याचे अश्रूही आपल्याच धर्मग्रामाचे आहेत.

कित्येकदां अपयश येईल. सोबत केलेला मनुष्य पुन्हां घसरेल आणि लोक हंसतील. पण त्या पायरीवरच्या नोटेपेक्षां तें अपयश आम्हांला सोसवेल.

भाषणानंतर आम्ही चर्चच्या दाराशीं वही घेऊन उभे राहूं. पहिलें नांव आम्हीं आमचेंच लिहिलें आहे. दुसरें कोण लिहितो, याची वाट पाहतों.

प्रभू आपणां सर्वांस बर्णबाचें मन देवो. आमेन.