बॅटरी बदलण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण एखाद्या बाईला उभी करतो आणि तिच्याकडून पापड-लोणची, बाळंतिणीचा आहार असे काहीतरी ऐकतो. ह्या वर्षी चिटणीसबाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोला." मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" तर त्या म्हणाल्या, "बॅटरीचे सांगा. गल्लीतल्या बायका गाडी बंद पडली की तुमच्याकडेच येतात."

विषय ऐकून मागे बसलेल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. पण भगिनींनो, आज आपल्या लोणीत गाडी नाही असे दार किती उरले आहे? संकष्टीला थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला आपण स्कूटीवरून जातो, मुलांना शाळेत सोडतो. कोणाकडे टेंपो आहे, कोणाकडे ट्रॅक्टर. गाडीचा खर्च घरच्या पैशातून होतो आणि घरचा पैसा आपण राखतो. मग बॅटरी हा आपला विषय का नसावा?

आधी आमच्याकडे काय घडले ते सांगते. आमचा टेंपो भाजीचा. पहाटे तीन वाजता मेथी-कोथिंबीर भरायची आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायची. एका वैशाखात भरल्या गाडीला मालकांनी किल्ली दिली, तर नुसते टक्‌टक् वाजले. शेजारच्यांच्या गाडीत माल टाकून पोचेपर्यंत निम्मा बाजार उरकला होता आणि कोथिंबिरीने माना टाकल्या होत्या. त्याच दिवशी मालकांनी एका दुकानातून नवी बॅटरी आणली. बिल न घेतल्यास थोडे कमी करतो, असे दुकानदार म्हणाला, म्हणून बिल घेतले नाही. कार्डावर तारीख नाही, शिक्का नाही.

चार महिन्यांनी पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "कार्ड कोरे आहे, मी कशावरून बदलून देऊ?" मग दुसरीकडून दुसरी बॅटरी घेतली. त्यासाठी मी भिशीतून थोरलीच्या कॉलेजच्या फीसाठी उचललेले पैसे काढून दिले. दोन महिन्यांनी टेंपो तिसऱ्यांदा बसला. तेव्हा एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांनी दुसऱ्या गाडीच्या वायरी लावून टेंपो चालू केला, वायरी काढल्या आणि चालू इंजिनावरच बॅटरीला मीटर लावला. काटा बारा व्होल्टच्या जरासा वर. ते म्हणाले, "बाई, बॅटरी चांगली आहे. डायनामोचा पट्टा ढिला आहे. आत भरत काहीच नाही, तुम्ही नुसते काढताय." पट्टा ताणला, बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवली, आणि तीच बॅटरी आजपर्यंत चालते आहे.

पहिली बॅटरी जुनी होती, ती बदलायचीच होती. पण दुसरीचे पैसे पाण्यात गेले. थोरलीची फी मी हातातली पाटली गहाण ठेवून भरली आणि ती सोडवून आणायला वर्ष लागले. तेव्हा चूक दुकानदाराची होती तशी आमचीही होती. विचारायचे काय, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणून ते आज तुम्हांला सांगते.

बॅटरी म्हणजे आपल्या घरची कणगी समजा. गाडी चालू असताना डायनामो, म्हणजे हल्ली ज्याला अल्टरनेटर म्हणतात तो, कणगी भरतो. किल्ली फिरवली की स्टार्टर त्यातून एकदम पायलीभर उपसतो. कणगी रिकामी दिसली की आपण लगेच नवी कणगी विकत आणतो का? आधी पाहतो की भरणारा भरतो आहे का, की कुठे भोक पडले आहे. बॅटरीचेही तसेच आहे.

ही शिसे आणि आम्लाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते ह्यांनी शोधून काढली. गाड्यांना विजेचा स्टार्टर आला तो १९१२ साली, अमेरिकेत, चार्ल्स केटरिंग ह्यांच्यामुळे. तोवर पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. बायकांना गाडी चालवणे सोपे झाले त्यात ह्या स्टार्टरचा मोठा वाटा आहे. म्हणजे बॅटरीशी आपले नाते जुनेच आहे.

आता लक्षणे ऐका. गाडी सुरू होताना आवाज जड येऊ लागला, हॉर्न बसक्या गळ्याचा झाला, दिवे मंद झाले, की बॅटरी उतरली असे समजावे. दिवे लखलखीत आहेत आणि तरी गाडी फिरत नाही, तर बहुधा बॅटरीचा दोष नसतो. टोकाची पकड सैल असते किंवा स्टार्टरमध्ये बिघाड असतो. बॅटरीचे पोट फुगले किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिला हात लावू नका आणि जवळ काडी ओढू नका. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तेथे जाणकारालाच बोलवावे.

आपल्याला वाटते की बॅटरी थंडीत मरते. खरे तर तिला खाते ते ऊन. चैत्र-वैशाखाच्या उष्णतेने ती आतून झिजते आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या गारठ्यात ते उघडे पडते. म्हणून शक्य असेल तर गाडी सावलीत लावावी. आणि आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक थर धरतो आणि मग ती नीट भरत नाही.

नवी घेण्याआधी मीटर लावायला सांगा. हे तीन आकडे लिहून ठेवा. गाडी काही तास बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी. आणि इंजिन चालू असताना मीटरने साधारण १३.८ ते १४.४ दाखवावे. इंजिन चालू असूनही आकडा बारा-साडेबारावरच राहिला, तर दोष भरणाऱ्याचा आहे, बॅटरीचा नाही. हा एवढा तिसरा आकडा आम्ही आधी विचारला असता तर माझी पाटली गहाण पडली नसती.

बॅटरी खरेच संपली असेल तर घेताना काय पाहायचे? ती बहुधा तीन ते पाच वर्षे चालते. गाडीच्या पुस्तकात लिहिली असेल तेवढ्याच ताकदीची घ्या. ती ताकद एएच ह्या आकड्यात असते. स्कूटीची चार-पाच, लहान मोटारीची पस्तीसच्या आसपास, ट्रॅक्टरची त्याच्या दुप्पट-तिप्पट. बेताची बसेल एवढाच आकार आणि लाल टोक जुन्या बाजूलाच हवे, नाहीतर वायर पुरत नाही. बॅटरी कधी तयार झाली तो महिना दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी नवी दिसते, पण नवी नसते. बिल घ्या. कार्डावर तारीख, गाडीचा नंबर आणि दुकानाचा शिक्का समोर उभे राहून घालून घ्या. कार्डात किती महिने फुकट बदलून मिळेल आणि पुढे किती महिने फक्त सूट मिळेल हे वेगवेगळे लिहिलेले असते, तेही वाचा. ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

पाणी घालायची बॅटरी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी झाकण उघडून पाहावे. पट्ट्या पाण्यात बुडालेल्या हव्यात. पाणी बाटलीतले, बॅटरीसाठीचे डिस्टिल्डच घालायचे. बोअरच्या पाण्याने आपल्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तसलेच क्षार आतल्या पट्ट्यांना बाधतात. आम्ल मात्र घरी कधीही घालू नये.

बदलण्याचे काम अवघड नाही. किल्ली काढून घ्या. हातातल्या पाटल्या, अंगठ्या आणि गळ्यातले काढून ठेवा, पदर खोचा. धातू लाल टोक आणि गाडीचे लोखंड ह्यांना एकदम टेकला तर क्षणात तापून भाजतो. माझी सोडवून आणलेली पाटलीही मी त्या वेळी फडताळात ठेवते. दहा नंबरच्या पान्याने आधी काळी वायर सोडवा, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. कारण काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती आधी सुटली की पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुकी जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून पुसा, कोरडे करा आणि वरून जरा व्हॅसलीन लावा. अंगावर आम्ल उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात उडाले तर पाणी मारत राहा आणि दवाखान्यात जा.

शेवटचे सांगणे जुन्या बॅटरीबद्दल. आमची जुनी बॅटरी पंधरा दिवस गोठ्याजवळ पडली होती. शेजारी वाळत घातलेल्या माझ्या साडीचा काठ तिच्यावर पडला आणि दुसऱ्या धुण्याला त्याला चाळणीसारखी भोके पडली. साडी गेली ते परवडले. पण आतले शिसे विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधते. म्हणून ती अंगणात ठेवू नये, फोडू नये, फोडून शिसे वितळवणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. २०२२ सालच्या सरकारी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता वेगळी करून गोळा करणाऱ्याकडे सोपवणे हे आपलेच काम आहे. नवी घेताना दुकानात जुनी द्या. तिचे पैसे वजा करून मिळतात, ते बिलावर लिहून घ्या.

भगिनींनो, गाडी दुरुस्त करायला आपण सगळ्यांनी शिकावे असे माझे म्हणणे नाही. पण पैसे देण्याआधी "मीटर लावा आणि इंजिन चालू करून आकडा दाखवा" एवढे म्हणायला सातवीसुद्धा लागत नाही. मालकांना संकोच वाटत असेल तर तुम्ही म्हणा. मी म्हणते, आणि आता दुकानदारही निमूटपणे मीटर काढतात.