पंचवीस वर्षांनंतर त्याच मातीकडे

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या काळ्या पाषाणात वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात कोरले गेले, त्याच बेसाल्टची युगानुयुगे झीज होऊन मराठवाड्याची काळी जमीन तयार झाली. लेणे पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. पायाखालच्या मातीकडे मात्र पेरणीचे दिवस सोडले तर फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आयुष्यातील उमेदीची वर्षे या मातीला देणाऱ्या वैज्ञानिकांमध्ये डॉ. तपस भट्टाचार्य यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था ही 1976 साली स्थापन झालेली आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली संस्था त्यांची कर्मभूमी. पुढे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

त्यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा टप्पा सह्याद्रीत आहे. मुसळधार पावसात मातीतील चुना वाहून जायला हवा. मग त्या डोंगरांवर काळी माती टिकली कशी? डॉ. डी. के. पाल व एस. बी. देशपांडे यांच्यासह 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी याचे उत्तर दिले. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे असतात. ती मातीला कॅल्शियम पुरवीत राहतात. संभाजीनगर परिसरातील खाणींत सापडणारे, संग्राहकांना मोह घालणारे स्फटिक ते हेच.

पुढे हवामानबदलाचा प्रश्न ऐरणीवर आला. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे 1500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, म्हणजे वातावरणातील कर्बाच्या जवळजवळ दुप्पट. माती हा कर्ब सांभाळते की हवेत सोडते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. भारतीय मातीतील या ठेवीचा हिशेब भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडला व पुढे तो विस्तारत नेला. वरच्या 30 सेंटीमीटरमध्ये सुमारे साडेनऊ अब्ज टन, तर दीड मीटरपर्यंत सुमारे 30 अब्ज टन सेंद्रिय कर्ब, असा तो अंदाज आहे.

परंतु मातीत कर्ब दोन रूपांत राहतो. पालापाचोळा, मुळे, शेणखत यांतून येतो तो सेंद्रिय कर्ब. चुनखडीत बद्ध असतो तो असेंद्रिय. पहिला जमिनीला जिवंत ठेवतो. दुसऱ्याची वाढ मात्र कोरड्या प्रदेशात धोक्याची घंटा ठरते. पाणी उडून गेले की कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साचतो, मातीच्या कणांवर सोडियमचे प्राबल्य वाढते, कण विखुरतात आणि पाणी मुरेनासे होते. शेतकरी अशा जमिनीला ‘चोपण’ म्हणतो. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनीची हीच व्यथा बाळपांडे, देशपांडे आणि पाल यांनी 1996 साली उलगडून दाखवली.

या साऱ्या साधनेतील सर्वांत मोलाचे काम दिसायला अगदी साधे आहे. 1980 च्या सुमारास सर्वेक्षकांनी गंगेच्या मैदानात व काळ्या मातीच्या प्रदेशात खड्डे खोदून मातीच्या नोंदी केल्या होत्या. 2005 साली संशोधक पुन्हा त्याच ठिकाणी गेले. शेतीने माती सर्वत्र कंगालच होत असणार, असा सार्वत्रिक समज होता. 2007 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच होते. त्या निवडक ठिकाणी एकंदरीत सेंद्रिय कर्ब वाढला होता, कारण पिकांच्या वाढीबरोबर अधिक जैवभार मातीत परतला होता. मात्र चुनखडीही वाढली होती. म्हणजे आशा आणि इशारा एकाच खड्ड्यातून वर आले होते.

येथेच शेतकऱ्याचा अधिकार सुरू होतो. पाऊस त्याच्या हाती नाही, पण जमिनीवरचे आच्छादन त्याच्या हाती आहे. उभ्या पिकाची मुळे श्वास घेतात, तेव्हा तयार होणारे सौम्य आम्ल चुनखडी विरघळवते आणि कॅल्शियम पुन्हा मातीच्या कणांना मिळतो. पऱ्हाटी आणि पाचट बांधावर पेटवले तर ही संधी धुरात जाते. कुजवून परत दिले तर पुढच्या पिकाचे भांडवल होते.

1980 साली खड्डे खोदणाऱ्यांना आपल्या नोंदींतून हवामानबदलाचे उत्तर शोधले जाईल, अशी कल्पनाही नसेल. त्यांनी केवळ आपले काम चोख केले आणि कागद जपून ठेवले. म्हणूनच पंचवीस वर्षांनी तुलना शक्य झाली. मराठवाड्यातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाने आपल्या शेताच्या माती परीक्षणाचा अहवाल सातबाऱ्याइतकाच जपावा आणि ठरावीक वर्षांनी त्याच ठिकाणची माती पुन्हा तपासावी. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो; ती पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या अवस्थेत पडणार, हे या दुसऱ्या कागदावरून कळेल.