दोघांची स्पर्धा आणि तिसऱ्यासाठी बंद दार



आर्वीच्या शेतकऱ्याला सातबाराचा उतारा आज संगणकावरून मिळतो. त्या संगणकात सारा हिशेब करणारी एक सिलिकॉनची चकती असते, अंगठ्याच्या नखाएवढी. तिला प्रोसेसर म्हणतात. टेबलावरच्या संगणकातील ही चकती बहुधा इंटेल किंवा एएमडी या दोनच अमेरिकी कंपन्यांपैकी एकीची असते. मुक्त बाजाराचे भक्त या जोडीचा दाखला मोठ्या हौसेने देतात: पाहा, स्पर्धेमुळे वेग वाढला, किंमत उतरली. ते खोटे नाही. परंतु ही स्पर्धा जन्मली कशी, हे मात्र ते सांगत नाहीत.

१९८१ साली आयबीएमने आपल्या संगणकात इंटेलची चकती बसविली. एकाच पुरवठादारावर विसंबणे या बड्या ग्राहकाला मान्य नव्हते. दुसरा उत्पादक हवाच, असा त्याचा आग्रह होता. त्यातून १९८२ साली इंटेल व एएमडी यांच्यात आराखडे देण्याघेण्याचा करार झाला. म्हणजे प्रतिस्पर्धी उभा राहिला तो ग्राहकाच्या अटीमुळे. बाजाराच्या अदृश्य हाताने नव्हे. पुढे बळ येताच इंटेलने ३८६ या चकतीचा आराखडा देण्याचे नाकारले. एएमडीला आपली ३८६ विक्रीस आणण्यास १९९१ साल उजाडले आणि कोर्टकज्जे १९९५ पर्यंत चालले. गंमत अशी की, पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पेंटियमचे नेतृत्व केले, आणि तेच पुढे एएमडीच्या के-६ या स्पर्धक चकतीच्या कामात होते. ज्ञान माणसांचे; मालकी तेवढी कंपन्यांची!

२००३ साली एएमडीने ६४ बिटांची चकती आणली आणि इंटेलला तिचाच मार्ग धरावा लागला. तथापि सरस माल असणे आणि तो दुकानात पोचणे या निराळ्या गोष्टी आहेत. संगणक बनविणाऱ्यांना सशर्त सवलती देऊन इंटेलने प्रतिस्पर्ध्याची वाट अडविली, असा ठपका ठेवून युरोपीय आयोगाने २००९ साली १०६ कोटी युरोंचा दंड केला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन वाद मिटविला. सवलतींचा परिणाम पुरेसा सिद्ध झाला नाही म्हणून न्यायालयाने तो दंड २०२२ मध्ये रद्द केला. २०२४ मध्ये तो निर्णय कायम झाला. पंधरा वर्षे! आपल्याकडे २०१६ साली इंटेलने भारतापुरता वेगळा हमी-नियम केला होता: परदेशातून स्वस्तात आणलेल्या चकतीला येथे हमी नसे. त्याची चौकशी करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ साली दिला.

तिसऱ्याने यावे, तर या चकत्यांच्या आज्ञासंचाचे हक्क याच दोघांच्या मुठीत. आरआयएससी-व्ही या खुल्या आज्ञासंचावर मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर सार्वजनिक पैशातून घडविले आहेत. टेबलावरच्या संगणकाच्या बाजारात त्यांचा शिरकाव अद्याप नाही, आणि ग्राहक मिळाल्याखेरीज तो होणारही नाही.

हा ग्राहक कोण? शासन, जिल्हा परिषद, शाळा. २००४ साली जर्मनीतील सरकारी निविदांत इंटेलचे नाव घातल्याबद्दल युरोपीय आयोगाने आक्षेप घेतला होता. वर्धा जिल्ह्यात जे कार्यकर्ते शिक्षणसंस्थांत वा पंचायतींत निवडून गेले आहेत, त्यांनी संगणक-खरेदीचा तपशील सहीपूर्वी वाचावा. त्यात कंपनीचे नाव असेल, तर ते खोडून अपेक्षित काम व क्षमता लिहावयास लावावी, आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.