दातांची तार आणि घर्षण

दातांना तार लावलेले मूल आता शाळेच्या कुठल्याही वर्गात दिसते. कदाचित तुमच्या घरातही असेल. अशा वेळी दवाखान्यात आईबापांपुढे एक प्रश्न येतो: साधे ब्रॅकेट बसवायचे, की कमी घर्षणाचे? दुसऱ्याला पैसे जास्त पडतात. तेव्हा हे घर्षण म्हणजे काय, ते जरा पाहू या.

भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पदर असतो. दातावर मंद दाब सतत राहिला की पुढच्या बाजूचे हाड झिजते, मागे नवे भरते, आणि दात वाट काढीत सरकतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. फार जोर लावला तर तिथला रक्तपुरवठा दाबला जातो आणि चाल उलट अडते.

हा दाब तार देते. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाचेतून ती जाते. समोरून उघडी असलेली ही खाच एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1928 साली जगापुढे मांडली. खाच उघडी, म्हणून तार आत बांधून ठेवणे आले. त्यासाठी पूर्वी बारीक तारेचा पीळ देत. आज बहुधा रबरी कडे घालतात. मुले त्याचा रंग हौसेने निवडतात. पण हे कडे तारेला खाचेच्या तळाशी दाबून धरते, आणि दात तारेवरून सरकायचा झाला की तिथे घर्षण होते.

तोड म्हणून खाचेला झाकण लावण्याची कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या स्टोल्झेनबर्ग यांनी 1935 साली तसे ब्रॅकेट केले होते. आता सरकत्या झडपेची ब्रॅकेटे मिळतात, तसेच तारेला न दाबता नुसते वरून झाकणारे रबरी कडेही निघाले आहे. प्रयोगशाळेत सरळ रांगेत बसवलेल्या ब्रॅकेटमधून बारीक गोल तार ओढली, तर घर्षण खरोखरच नाममात्र भरते.

तोंडातली गोष्ट मात्र निराळी. टेबलाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ओढून पाहा. तो तिरका होतो आणि अडकतो. मग मेण लावा की तेल घाला! दाताचेही तसेच. ओढला की तो आधी कलतो, खाचेच्या कडा तारेत रुततात, आणि अडवणूक होते ती मुख्यतः या रुतण्याने. झडप तिथे काय करणार? म्हणूनच दोन्ही प्रकारच्या रुग्णांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत झडपेमुळे उपचाराचे महिने लक्षात येण्याइतके कमी झालेले दिसत नाहीत, दुखणेही नाही. डॉक्टरांचा तार बदलतानाचा थोडा वेळ वाचतो, एवढे खरे. शिवाय शेवटी दाताच्या मुळाला योग्य कल द्यायचा, तर जाड चौकोनी तार खाचेत घट्टच बसावी लागते.

माझे मत विचाराल, तर केवळ 'लवकर होईल' या शब्दावर जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा: दात काढावे लागतील का, महिने किती, आणि तार निघाल्यावर रिटेनर किती दिवस? रिटेनर डबीतच राहिला, तर खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढायला फार दिवस लागत नाहीत.