शाळेची वेस

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



अमेरिकेतील टोपेका शहरात लिंडा ब्राउन ही कृष्णवर्णीय बालिका राहत असे. घराजवळची समनर शाळा गोऱ्या मुलांसाठी राखीव; म्हणून तिला दूरच्या मनरो शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी इतर पालकांसह न्यायालयात दाद मागितली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, वर्णभेदाने वेगळ्या केलेल्या शाळा मूलतःच विषम होत.

कायद्याची भिंत पडली, वस्तीची मात्र उभी राहिली. डेट्रॉइटसारख्या शहरांतून गोरी कुटुंबे उपनगरांत गेली; कृष्णवर्णीयांना तेथे घर मिळणे दुर्घट होते. शहर व उपनगरे मिळून मुलांना एकत्र शिकवावे, ही योजना त्याच न्यायालयाने १९७४ साली पाच विरुद्ध चार मतांनी अमान्य केली. शिवाय तेथील शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. साहजिकच गरीब वस्तीच्या शाळेची झोळी रिती राहते.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका नव्हे. एका शाळेच्या तपासणीत एकाच वस्तीची मुले दाराशी वेगळी बसलेली मी पाहिली. तसा नियम कोणीच केला नव्हता. मी शेरेबुकात ‘हजेरी समाधानकारक’ असे लिहून निघालो. तो शेरा मला अद्याप बोचतो.

उद्या वर्गात पाऊल टाकताच हजेरीआधी मुलांची बैठक पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.